रस्तोगींच्या मांडवावरचं आभाळ

निशातगंजच्या त्या गल्लीत गोपीनाथ टिपणीस हे नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी सगळ्यांचे ते 'मौसमवाले भाईसाहब'. विमानतळावरच्या हवामान कचेरीतून निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, तरी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांची पक्की समजूत होती, की लखनौचं ऊन या माणसाच्या सहीनं पडतं. मे महिन्यात लू सुटली की लोक त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू भट्टीचं दार यांनीच उघडं टाकलंय. "भाईसाहब, अब तो रहम कीजिए," असं म्हणत भाजीवाला त्यांच्या पिशवीत सुकलेली दोडकी ढकली.

गोपीनाथ हसत. दिवसातून हसण्याचा तेवढाच प्रसंग येई, म्हणून जरा जास्तच वेळ हसत.

घरात बोलायला कुणी नव्हतं. बायको, कल्पना, काही वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी क्षितिजा लग्न होऊन बंगलोरला. रविवारी ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून तिला फोन लावत. "जेवलीस का गं?" ते मराठीत विचारत आणि पलीकडून उत्तर येई, "हाँ बाबा, खा लिया. आप अपना बताइए." पोर लखनौत वाढलेली. मराठी तिच्या कानापर्यंत पोचली होती, जिभेपर्यंत यायची राहून गेली. त्यामुळे गोपीनाथांच्या मराठीला घरात एकच श्रोता उरला होता, तो म्हणजे कूलर. तो प्रत्येक वाक्याला एकाच सुरात हुंकार देई, आणि वीज गेली की भर मैफलीतून उठून गेल्यासारखा गप्प होई.

कल्पना होती तेव्हा निदान भांडण तरी मराठीत व्हायचं. हे गच्चीवर ढग बघत उभे, आणि खालून तिची हाक, "अहो, वरचं आभाळ सरकार बघेल. इथं दूध उतू गेलंय!" आता दूध उतू गेलं तर तेच ओटा पुसत आणि तेच स्वतःला ओरडत. त्यात काही मजा नव्हती.

मजा होती ती संध्याकाळी. संध्याकाळी रस्तोगी यायचे.

नरेंद्र रस्तोगी यांचं गल्लीच्या तोंडाशी टेंट हाउस होतं. लग्नाला लागणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे भाड्यानं मिळे. कनाती, शामियाने, दऱ्या म्हणजे सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा. नवरा आणि नवरी तेवढी आपली आपण आणायची. लग्नसराईला लखनौत 'सहालग' म्हणतात. उन्हाळ्यातली सहालग आणि उन्हाळ्यातल्या वावटळी यांचा मुहूर्त कुणा खट्याळ ज्योतिषानं एकच काढून ठेवलेला. म्हणून सहालग चालू असेपर्यंत रस्तोगी रोज दिवेलागणीला जिने चढून धापा टाकत गच्चीवर येत, वेताच्या मोढ्यावर बसत, आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारत, "भाईसाहब, पानी आएगा?"

ते वाऱ्याबद्दल कधी विचारत नसत. वारा हा त्यांच्या मते विचारायचा विषयच नव्हता. "हवा को मेरी रस्सियाँ देख लेंगी," ते मिशीवरून बोट फिरवत म्हणत. "तीन पीढ़ी से खूँटा गाड़ रहे हैं. आप बस पानी बताइए." टेंटवाल्याचा खरा वैरी पाणी. गादी भिजली की कुजते, कापडाचा रंग उतरतो, आणि वर गिऱ्हाईक भांडतं.

गोपीनाथ आभाळाकडे बघत. आता त्यांच्यापुढे नकाशे नव्हते, दुसऱ्या शहरांतून येणाऱ्या तारा नव्हत्या. होते ते दोन डोळे आणि एक जुनी सवय. पण त्यांचा अंदाज बहुधा बरोबर निघे. आणि चुकला तरी रस्तोगी दुसऱ्या दिवशी येतच, कारण मग भांडायला यावं लागे.

एकदा रस्तोगींनी विचारलं, "यह बताइए, यह आँधी आख़िर बनती कैसे है?"

इतक्या वर्षांत गोपीनाथांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना एकदम काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी चहाचं पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं आणि रस्तोगींना त्यात डोकावायला लावलं. तळ तापला की खालचं दूध हलकं होऊन वर चढतं, तशी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते. वर थंडी. तिथं हवेतली वाफ धरते आणि ढग होतो. वाफ पाणी होताना पोटातली ऊब बाहेर टाकते, त्यानं हवा आणखी तापते, आणखी चढते. कोबीच्या गड्ड्यासारखा ढग फुगत फुगत थेट आभाळाच्या छताला डोकं आपटतो आणि तिथं लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. वर चढणाऱ्या हवेनं तोवर थेंब आणि गारा तळहातावर झेलून धरलेल्या असतात. मग एक वेळ अशी येते की तिला भार पेलवत नाही. सगळं खाली सुटतं आणि येताना आजूबाजूची हवाही ओढून आणतं.

"लहानपणी ढगात नुसती चढती हवा," गोपीनाथ रंगात येऊन आपल्या मराठी हिंदीत सांगत होते. "जवानी में दोनों. एकीकडे चढतेय, एकीकडे उतरतेय, शेजारीशेजारी. गडगडाट, विजा, सगळा दंगा तेव्हाच. और बुढ़ापे में सिर्फ़ उतरती हवा. खालून काही येणं बंद झालं, की ढग आपोआप विरतो."

"हमारे फूफाजी," रस्तोगी म्हणाले. "बिलकुल यही हाल है."

दोघं पोट धरून हसले. हसता हसता गोपीनाथांना वाटलं, फूफाजींना निदान भाचा तरी आहे.

टोर्नेडोची सोंड कशी उभी राहते हे दाखवायला तर त्यांनी रस्तोगींच्या दुकानात जाऊन एक दरी गुंडाळायला लावली. जमिनीलगत वारा सावकाश, वर जोरात, असं असलं की मधली हवा या गुंडाळीसारखी आडवी लोळायला लागते, त्यांनी सांगितलं. तिच्याखालून चढती हवा आली की ती लोळती हवा उचलली जाते. गोपीनाथांनी गुंडाळीचं एक टोक धरून ती उभी केली आणि गरगर फिरवली. आडवं फिरणं उभं झालं! कधीतरी हजारात एखाद्या ढगात हे फिरणं आवळत आवळत जमिनीपर्यंत उतरतं, आणि मग घरांची छपरं पतंगासारखी जातात. रस्तोगी भारावून बघत राहिले. दुकानातला नोकर म्हणाला, "बाबूजी, दरी फट जाएगी."

असे ते दिवस. आषाढात देव झोपी गेले की लग्नं बंद, आणि लग्नं बंद की रस्तोगींचं येणंही बंद. मग थेट कार्तिकात देव उठेपर्यंत मोढा रिकामा. देव इतके महिने झोपतात याबद्दल गोपीनाथांइतकं वाईट दुसऱ्या कुणाला वाटत नसेल.

त्या वर्षी मे महिन्यात खुद्द रस्तोगींच्या मुलीचं, गुड्डनचं लग्न निघालं. जन्मभर दुसऱ्यांचे मांडव घातले, आता स्वतःच्या मुलीचा मांडव असा घालणार, की अख्खा मोहल्ला बघत राहील, असं रस्तोगी महिनाभर सांगत होते. आणि एका संध्याकाळी ते म्हणाले, "भाईसाहब, गेट पर गुलाबजल आप सँभालिएगा. बारात पर छिड़कने का काम घर के बड़े का होता है."

'घर के बड़े.' रस्तोगी जिना उतरून गेले तरी गोपीनाथ ते शब्द चघळत बसले. त्यांनी सफारी सूट इस्त्रीला टाकला. आपल्याकडची जुनी गुलाबदाणी चिंचेनं घासली. शिंपडण्याचा सरावही केला, कूलरवर. कूलरनं पहिल्यांदाच सुवासिक उत्तर दिलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवून ते गच्चीवर गेले आणि त्यांचा पाय दारातच थबकला. पश्चिमेला आभाळात उंचावर पांढऱ्या ढगांची एक रांग होती, आणि त्या रांगेला बारीक बारीक बुरूज फुटले होते, इमामबाड्याच्या कठड्यावरच्या छोट्या मनोऱ्यांसारखे. दिसायला फार गोजिरे. हवामानवाल्याला मात्र ती धोक्याची खूण. सकाळीच असे बुरूज दिसले तर वरची हवा आत्तापासून चुळबुळतेय. खाली जमीन तव्यासारखी तापायची बाकी. संध्याकाळपर्यंत मोठा ढग उभा राहण्याची दाट शक्यता. आणि वरून पाऊस सुटला तरी खालची हवा इतकी कोरडी, की थेंब वाटेतच सुकून जाणार. पाणी हवेत सुकतं तेव्हा हवेची ऊब घेऊन सुकतं. गार झालेली हवा जड होते आणि धोंड्यासारखी खाली कोसळते. जमिनीवर आपटून चारी दिशांना फुटते. पाणी नाहीच. नुसता वारा.

खाली दूध उतू गेल्याचा वास आला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

रस्तोगींच्या सोबत त्यांचे मेहुणे सुधीर होते. आलमबागेत त्यांच्या ओळखीचं एक बारातघर होतं. पक्क्या भिंती, पक्कं छत. त्या दिवशी ते रिकामं होतं.

"जीजाजी, ज़िद मत कीजिए," सुधीर म्हणत होते. "परसों कानपुर में आँधी ने शामियाना उड़ा दिया."

"कानपुर के टेंटवाले को बाँधना आता है?" रस्तोगी उसळले. मग गोपीनाथांकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "भाईसाहब, बारातघर छोटा है. घर के लोग ही आ पाएँगे. बाक़ी मोहल्ले से हाथ जोड़ने पड़ेंगे. अब फ़ैसला आप पर. जो आप कहें."

बाकी मोहल्ला. गोपीनाथांना तो शब्द लागला. ते कोण होते? गल्लीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. सफारी सूट खोलीत खिळ्याला टांगलेला होता आणि गुलाबदाणी खिडकीत चमकत होती. आलमबागच्या त्या छोट्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला रस्तोगींचे सख्खे काका होतेच.

"बताइए," रस्तोगी म्हणाले. "पानी आएगा?"

"नहीं," गोपीनाथ म्हणाले. "पानी नहीं आएगा."

शब्दाला शब्द खरं होतं. खात्यात एवढी वर्षं त्यांनी रोज वाऱ्याचा रकाना भरला होता. वैमानिकानं विचारो न विचारो, वारा सांगायचा असतो. आज पहिल्यांदाच त्यांनी तो रकाना कोरा सोडला. रस्तोगींनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि खुशीत जिना उतरून गेले. सुधीर मात्र जाताना एकदा वर बघून गेले.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात तो मांडव उभा होता. लाल-पिवळं कापड, बल्बांच्या माळा, मखमली सोफा, आणि मागं हलवायाच्या कढईत इमरती. गोपीनाथ गेटपाशी गुलाबदाणी घेऊन उभे होते. कुणी नातेवाईक विचारी, "आप लड़कीवालों की तरफ़ से?" आणि ते म्हणत, "जी." एवढं छोटं उत्तर इतक्या थाटात त्या मैदानात दुसऱ्या कुणी दिलं नसेल. पण दर 'जी' नंतर त्यांची मान पश्चिमेकडे वळे. तिथं ऐरण पसरली होती. मावळायच्या आधीच सूर्य तिच्या आड गेला होता.

मग वारा थांबला. कापडाची झालर हलायची थांबली. लांबून वरातीचा बँड ऐकू येत होता. आणि कुणीतरी फ्रीजचं दार उघडावं तशी गार झुळूक गोपीनाथांच्या मानेवर आली.

"वा, क्या ठंडी हवा!" एक बाई म्हणाल्या.

गोपीनाथांच्या हातून गुलाबदाणी पडली. "बाहेर व्हा!" ते ओरडले. "मांडव सोडा! दिवे बंद करा, मेन स्विच! अहो, बाहेर पडा सगळे!"

आयुष्यातली एवढी मोठी हाक त्यांनी मराठीत मारली. मैदानातल्या एकालाही ती कळली नाही. दोन पोरं हसली. एकानं दुसऱ्याला विचारलं, "मद्रासी हैं क्या?"

आणि मैदानाच्या टोकाला भुऱ्या धुळीची भिंत उभी राहिली. उतरलेली हवा जमिनीवर आपटून, पसरून, वाटेतली सगळी माती पुढं ढकलत आली होती. रस्तोगींच्या दोऱ्या तुटल्या नाहीत, हे सांगायला हवं. तीन पिढ्यांच्या दोऱ्या होत्या. उपटले ते खुंटे. कापड गलबताच्या शिडासारखं फुगलं, बांबू जमिनीवरून वर उठले आणि सगळा मांडव बाजूला जाऊन आडवा झाला. वीज कुणीतरी बंद केली. किंकाळ्या, धूळ, खुर्च्या गडगडल्याचा आवाज. कुणाला फार लागलं नाही. एक बांबू रस्तोगींच्या खांद्यावर आला तेवढाच.

पाण्याचा थेंब पडला नाही.

सप्तपदी अखेर रस्तोगींच्या घरच्या बैठकीत झाली. तिथं घरचेच लोक मावत होते. गोपीनाथ केसांत माती घेऊन काही वेळ गल्लीत उभे राहिले. खिडकीतून मंत्र ऐकू येत होते. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, कुणी या म्हणालं नाही. मग ते घरी आले. वीज नव्हती, त्यामुळे कूलरही बोलला नाही.

सकाळी गुड्डनची पाठवणी झाल्यावर ते मैदानावर गेले. रस्तोगी एक हात गळ्यात बांधून मजुरांवर खेकसत होते. भोवती मोहल्ल्यातले चारपाच जण, आणि सुधीर. सुधीर म्हणत होते, "और पूछिए अपने मौसमवाले से!"

"ख़बरदार!" रस्तोगी गरजले. "भाईसाहब ने कहा था पानी नहीं आएगा. आया? एक बूँद आई? मैंने जो पूछा, उन्होंने सही बताया. हवा का ज़िम्मा मेरा था." गोपीनाथ दिसताच त्यांनी धड हातानं त्यांना पुढं ओढलं. "आइए भाईसाहब, बताइए इन लोगों को!"

गोपीनाथांना ती बाजू घेणं सोसवेना. एखाद्यानं शिवी दिली तर माणूस मान खाली घालून उभा तरी राहतो. त्यांनी रस्तोगींना सोफ्याच्या मागं नेलं. मखमलीवर बोटभर धूळ होती.

"मुझे मालूम था," ते म्हणाले.

"क्या?"

"हवा. सकाळीच दिसली होती. ढगांना बुरूज आले होते. मैंने नहीं बताया."

रस्तोगींना समजायला वेळ लागला. "आपको पता था? और आप…" त्यांनी गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, मग आडव्या पडलेल्या मांडवाकडे. "क्यों?"

गोपीनाथांनी सोफ्यावरच्या धुळीत बोटानं एक रेघ ओढली. "बारातघर छोटा था," ते म्हणाले. "घर के लोग ही आते."

रस्तोगींचा चेहरा आधी लाल झाला, मग कसासाच झाला. आणि ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की बांबू सोडवणारे मजूर थांबून बघायला लागले.

"तो एक कुर्सी नहीं निकलती? अरे, टेंटवाला हूँ मैं! जनम भर दूसरों के लिए कुर्सियाँ ढोई हैं! और है क्या मेरे पास कुर्सियों के सिवा? आपने एक बार मुँह खोलकर कहा होता!"

रस्तोगी पाठ फिरवून गेले आणि पुन्हा मजुरांवर खेकसू लागले, मघापेक्षा जास्त.

घरी जावं की थांबावं ते गोपीनाथांना उमजेना. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि जवळची खुर्ची पुसली. मग तिच्या शेजारची. मग रांगेतली पुढची. कुणी पुसा म्हणालं नाही, नका म्हणालं नाही. ऊन चढलं. मजूर पुसलेल्या खुर्च्या उचलून टेम्पोत रचत गेले. रस्तोगी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होते, आणि एकदाही या बाजूला आले नाहीत.

शेवटी गोपीनाथ थकले आणि एका खुर्चीवर बसले. कापड गेलं, बांबू गेले, सोफा गेला. एवढ्या मोठ्या मैदानात खुंट्यांचे खड्डे आणि ते.

एक मजूर येऊन अवघडून उभा राहिला. "बाबूजी, ज़रा उठेंगे? यह आख़िरी है."

"हो, हो," म्हणत गोपीनाथ उठायला लागले.

"रहने दे!" टेम्पोपाशी उभ्या रस्तोगींचा आवाज आला. त्यांनी इकडे बघितलं नव्हतं. "बैठे हैं, दिखता नहीं? चल, गाड़ी निकाल."

टेम्पो धूळ उडवत निघून गेला. गोपीनाथ तसेच बसून राहिले. मग त्यांनी उठून खुर्चीची घडी घातली. तिच्या पाठीवर रंगानं 'रस्तोगी टेंट हाउस' असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती परत करायला कुणालातरी दुकानावर जावं लागणारच होतं. आज नको. राग निवायला एकदोन दिवस जाऊ द्यावेत. खुर्ची काखोटीला मारून ते मैदानाबाहेर पडले, आणि चालता चालता तिथं काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करू लागले. हिंदीत.